मी गात नाही, पेटीवर बसतो

गेल्या महिन्यात मावशीनं आईला फोन करून विचारलं, "पोराची नोकरी सुटली काय गं?" कारण माझ्या प्रोफाइलवर नुसते पेटीचे फाटके भाते, गंजलेले खिळे आणि देवळातल्या सतरंजीचे फोटो. तेव्हा एकदाची नीट ओळख करून देतो. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

नोकरी आहे. उद्यमबागेत एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, चालवतो, शिफ्टमध्ये. वय २४, शिक्षण आयटीआय. राहायला बेळगावात, वडगावला, विणकरांच्या गल्लीत. इथं यंत्रमागाचा आवाज इतका अंगवळणी पडलाय की लाईट जाऊन माग थांबले की माणसं झोपेतून उठून बसतात. आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. तिथं पावसाळाभर कपडे वाळत नाहीत. संगीताची परीक्षा मी एकही दिलेली नाही. भजनात मागच्या ओळीत बसून टाळ धरता धरता कान तयार झाला, तेवढंच शिक्षण.

आणि मी गात नाही. "गाण्याची आवड आहे" म्हटलं की पुढचा लगेच म्हणतो, "म्हण की एखादं!" म्हणून आधीच स्पष्ट केलेलं बरं. मी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, साथीला बसतो. भजनाला निघताना आमच्या गल्लीत पहिला प्रश्न हाच असतो, "पेटीवर कोण बसालंय?" आता बऱ्याच ठिकाणी त्याला उत्तर मिळत नाही. मी जे काही करतो ते तिथनं सुरू झालं.

पेटी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. दिवसभर मागावर, रात्री भजनात. ते गेल्यावर पेटी त्यांच्याच जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माग बंद, वर्कशॉप बंद, गल्लीत अशी शांतता की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. एका दुपारी काढली खाली. उघडली तर भात्यात उंदरानं संसार मांडलेला. बोटानं दाबायच्या पट्ट्या पावसाच्या दमटपणानं फुगून बसलेल्या, कातडं सुटलेलं, आणि वाजवायला गेलो तर एकच सूर आपोआप रडत सुटला, थांबेना.

शहापुरात पेटी दुरुस्त करणारे एक म्हातारे काका होते. बाहेर पडायची चोरी, म्हणून फोनवरच शिकवणी. पहिलं वाक्य अजून आठवतं: "सुराला हात लावू नको बाळा. आधी भाता बघ. दम टिकत नसंल तर सूर काय करणार?" भात्याच्या घड्या उकलल्या, शेळीच्या पातळ कातड्याचे तुकडे चिकटवले, पट्ट्या पॉलिश पेपरनं कडेनं हलक्या हातानं घासल्या. मग सूर. पेटीतला सूर म्हणजे आत बसवलेली पितळेची जिभेसारखी पातळ पट्टी. टोकाकडं खरवडली की सूर चढतो, मुळाकडं खरवडली की उतरतो. ऐकायला सोपं आहे. मशीनवर शंभरांश मिलिमीटर सांभाळणारा माझा हात, मला वाटलं, हे काय अवघड? मधल्या सप्तकातला गंधार मी इतका खरवडला की तो जाऊन जवळजवळ मध्यमाच्या मांडीवर बसला. काका फोनवर हसले नाहीत, फक्त म्हणाले, "आता नवा सूर आण. आणि जुना टाकू नको, खिशात ठेव." अजून आहे, किल्लीच्या रिंगला.

ती पेटी वाजायला लागली. मग शेजारच्या गल्लीतल्या मंडळाची आली, मग आजोळची. आजपर्यंत १७ पेट्या झाल्या. हिशेब वहीत आहे. सामानाचे पैसे मंडळ देतं, हात माझा. पण दोनेक वर्षांत लक्षात आलं की दुरुस्त केलेली पेटी परत कपाटातच जाते. कारण बसणारा नाही! पेटी नीट करून काय उपयोग? म्हणून दर शनिवारी संध्याकाळी, शिफ्ट जुळली तर, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात पोरांना घेऊन बसायला लागलो. कधी सहा येतात, कधी चौदा, परीक्षेच्या दिवसांत एक. एक मुलगी पखवाज शिकते आहे. डाव्या पुडीला लावायची कणीक ती घरून डब्यातनं आणते आणि उरली तर परत नेते. (तिच्या आईनं विचारलं होतं, "चपात्या करायच्या का ह्याच्या?")

आता माझं खरं म्हणणं. चिडायचं त्यांनी चिडावं.

आपल्याकडं गाणारे कमी नाहीत. उलट एवढे गाणारे मी लहानपणी बघितलेच नव्हते. कराओकेचे ग्रुप, वाढदिवसाला माईक, गणपतीत स्पर्धा, टीव्हीवरच्या कार्यक्रमाच्या ऑडिशनला चार वर्षांची पोरं. सगळ्यांना पुढं बसायचंय. साथीला बसायला कोण तयार आहे? पालक पोराला घेऊन येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "स्टेजवर कधी जाईल?" मी सांगतो, पहिले सहा महिने तो फक्त षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प, धरून बसेल आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायला शिकेल. निम्मे परत येत नाहीत.

ट्रॅकवर, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेल्या साथीवर, गाऊ नये असं माझं म्हणणं नाही, आमच्या वर्कशॉपचे सुपरवायझर रविवारी ट्रॅकवर गातात आणि चांगले गातात. पण ट्रॅकला तुमचा श्वास कळत नाही. म्हातारे बुवा अभंग म्हणताना मध्येच कंठ दाटून थांबले तर पेटीवरचा माणूस भाता हलका करतो, सूर धरून ठेवतो, त्यांना परत यायला वाट करून देतो. हे पुस्तकात लिहिलेलं नाही. शेजारी बसूनच येतं.

मला ते कसं आलं तेही सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे. आजोळच्या हरिनाम सप्ताहात पहिल्यांदा मोठ्या भजनाला बसलो. हात नुकता मोकळा झालेला, त्यात समोर मोबाईल धरलेली पोरं. बुवा एक ओळ म्हणायचे, मी तीन हरकती मारायचो. दोन अभंग त्यांनी सोसलं. तिसऱ्याला त्यांनी गाता गाता हात लांब केला आणि माझा भाता दाबून बंद केला. अख्खा अभंग बिनपेटीचा झाला. शेवटी म्हणाले, "तुझं झालं की सांग, मग मी गातो." सगळा मंडप हसला. त्या रात्री मी जेवलो नाही, पण पेटी वाजवायला त्या रात्रीपासूनच शिकलो.

पेटीला तसंही अपमानाची सवय आहे. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. परकं वाद्य, सूर ठोकळेबाज, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, असे आरोप. ती बंदी १९७१ पर्यंत राहिली. आरोप पूर्ण खोटे नव्हते, पेटीतनं मींड निघत नाही हे मीही मान्य करतो. पण गावोगावच्या भजनी मंडळांना रेडिओची परवानगी लागली नाही, त्यांनी पेटी सोडली नाही. आणि नेमक्या त्याच काळात बेळगावातनं काय उभं राहिलं बघा. जिल्ह्यातल्याच कागवाडात १९१७ साली जन्मलेले पंडित रामभाऊ विजापुरे. पेटीवर आयुष्य घालवलं, बड्या बड्या गायकांना साथ केली, पिढ्या शिकवल्या. २०१० मध्ये गेले. आज पेटीवाल्यांच्या जगात त्यांचं नाव घेताना लोक कानाच्या पाळीला हात लावतात. आमच्या शनिवारच्या पोरांना मी एकदा विचारलं, बेळगावचा मोठा कलाकार कोण? दोन नटांची नावं आली, एका यूट्यूबरचं आलं. मग मी पोरांना विजापुरेंचं आणि कागवाडचं नाव सांगितलं. एक जण म्हणाला, "दादा, कागवाडला तर माझा मामा राहतोय!" बाकीचा तास मामावरच गेला.

हा सगळा पट्टाच असा आहे. मिरजेहून लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वेवर सुळेभावी नावाचं बारकं स्टेशन लागतं, डुलकी लागली तर निघूनही जातं. ८ एप्रिल १९२४ ला गायक कुमार गंधर्व तिथं जन्मले. घरातली भाषा कानडी, शिकले मुंबईत, राहिले देवासला, आणि माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत बसले. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथं स्वागतगीत म्हणायला उभी राहिलेली एक लहान मुलगी पुढं मोठी गायिका गंगूबाई हनगल झाली. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तंबोरा हवा तर मिरज जवळ. एवढं सगळं उशाशी असताना आम्ही भजनाला पेटीवाला भाड्यानं आणतोय, याची मला लाज वाटते. दुसऱ्या कुणाला वाटो न वाटो.

आता तो प्रश्न, जो बेळगावात कुठलंही काम सुरू केलं की तिसऱ्या दिवशी येतोच: हे मराठीचं काम की कन्नडचं?

एकानं बोर्ड करून देतो म्हटलं. आमच्या उपक्रमाला नावच नाही, म्हणून मी टाळलं. खरं सांगायचं तर नाव न ठेवण्याचं अर्धं कारण तेच. बोर्ड लावला की कुठली भाषा वर, अक्षर केवढं, नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड भरलं की नाही, सगळी कटकट. सतरंजीला बोर्ड लागत नाही. दुसऱ्या एका पुढाऱ्यानं स्पीकर देऊ केला, त्यावर त्याचा फोटो चिकटवायची अट होती. देवळात आधीच एक मारुती आहे, दुसरा नको म्हटलं.

मी मराठी आहे. आबा सीमासत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या सायकल फेरीत मी शाळेत असल्यापासून जातोय आणि पुढंही जाईन. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. २०१४ पासून कागदावर बेळगावी झालंय, माझ्या तोंडात बेळगावच येतं. यातलं काहीही मी लपवत नाही. आणि मागच्या गल्लीतल्या कन्नड भजनी मंडळाच्या पेटीवर महिन्यातनं दोन सोमवारी मीच असतो. तिथले अज्जा मला बघितलं की म्हणतात, "श्रुती कोडो तम्मा," सूर दे बाबा. मी काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबतो. त्यात मला विसंगती वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी सोमवारी यावं, टाळ धरायला माणूस कमीच असतो. शनिवारी येणाऱ्या पोरांत तीन कन्नड शाळेतली आहेत, एक उर्दू. सा रे ग म दोन्ही लिप्यांत फळ्यावर लिहितो. पोरं दोन्ही वाचतात, अडखळतात ते त्यांचे बाप.

याच नादातनं दुसरं एक काम लागलंय, ते अजून कच्चं आहे. आजोळच्या आजीचं माहेर कित्तूरच्या बाजूचं, म्हणजे बोली कानडी, लग्नानंतर मराठी. जात्यावर ती दोन्ही गायची. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि घरी पेटीवर लावून बघितलं, तर चाल तीच. कानडी पद तीन ओळींचं, त्रिपदी. मराठी ओवी तिच्याकडं दोन ओळींची. मग ती दुसरी ओळ अर्ध्यात तोडून परत घ्यायची, आणि जात्याचे फेरे बरोबर बसवायची. मी मोठा शोध लावल्यासारखा तिला म्हटलं, "आजी, दोन्हीला चाल एकच कशी गं?" तर म्हणाली, "जातं एकच होतं की. दुसरं कुठनं आणू?"

तिच्या वयाच्या अजून पाच बायकांची गाणी घेतली आहेत. रोप लावणीची, फुगडीची, हळदीची. दोघी जणी फोन बघितल्यावर गप्प होतात, म्हणून फोन आता तांदळाच्या डब्यामागं ठेवतो, त्यांना विचारून. एकीनं सांगितलं, गाणं देते पण नातवाला दाखवायचं नाही, तो हसतोय. नाही दाखवलं.

तर ही माझी ओळख. वर्गणी मागत नाहीये. माळ्यावर पेटी पडली असेल तर आधी तिला ऊन दाखवा, पण थेट उन्हात ठेवू नका, कातडं आवळतं. सावलीत, वारा लागेल अशी. दोन दिवसांनी भाता हळू उघडा, उंदीर नसल्याची खात्री करून. मग मला इनबॉक्समध्ये फोटो पाठवा. घरात रिकामं बसलेलं पोर असेल तर शनिवारी पाठवा, स्टेजची हमी नाही.

आत्ता समोर टेबलावर अनगोळकडची एक पेटी आहे. कोमल निषाद वाजला की शेजारचा षड्जही हळूच कण्हतो, म्हणजे आत कुठंतरी हवा गळते आहे. उद्या सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी आहे, तेव्हा बघतो. मावशी, वाचत असशील तर आईला फोन कर, पगार झालाय.