कॅमेऱ्याला मानवणारी बाग

बागकाम सुरू करण्याचे तुमच्या मनात असेल, तर आपल्या खिडकीत किती तास ऊन येते, वारा कुठून शिरतो, रोज पाणी घालायला घरात कोणाला सवड आहे, असल्या किरकोळ चौकशा आधी बंद करा. जागा पाहून रोप निवडण्याची पद्धत मागे पडली आहे. आता रोप आधी ठरते, आणि ते ठरवण्याची तोशीसही तुम्हाला पडत नाही. मोठ्या पानांच्या एखाद्या झाडाच्या रीलवर तुमचे बोट चार क्षण रेंगाळले, एवढी खूण अल्गोरिदमला पुरते. संध्याकाळपर्यंत तेच झाड तुम्ही पंचवीस दिवाणखान्यांत, पंचवीस पांढऱ्या भिंतींसमोर पाहिलेले असते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना, हे आपल्याला कित्येक वर्षांपासून हवे होते, अशी तुमची प्रामाणिक समजूत झालेली असते.

आरंभ फिडल लीफ फिगपासून करावा. पश्चिम आफ्रिकेच्या पर्जन्यवनांतला हा वड-पिंपळाचा भाऊबंद तिथे दहा मीटरांहून उंच वाढतो आणि वारंवार केलेला जागाबदल त्याला सोसत नाही. म्हणून छायाचित्राच्या गरजेप्रमाणे त्याला कधी सोफ्याजवळ, कधी आरशासमोर हलवत राहावे. पाने गळू लागली, तर उरलेली पाने ज्या अंगाला असतील ते अंग पुढे करावे. त्यानंतर मॉन्स्टेरा आणावा. मध्य अमेरिकेच्या जंगलांत मोठ्या वृक्षांच्या खोडांवर चढणाऱ्या या वेलीच्या पानांना छिद्रे पडतात, ती वेल वयात आल्यावर आणि तिला पुरेसा उजेड मिळाल्यावर. तुम्ही मात्र कुंडी घरी आणल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ‘अजून छिद्रे का पडत नाहीत?’ असा प्रश्न चारचौघांत विचारून मोकळे व्हा. कोणी खत सुचवील, कोणी जांभळा दिवा सुचवील. ‘वर्षभर थांबा’ असे सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नये, कारण त्याच्याकडे विकायला काहीच नसते.

हे दोन धडे गिरवून झाले, की तुम्ही पांढऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे व्हेरिगेटेड रोपांसाठी पात्र ठरता. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यामुळे तो स्वतः अन्न तयार करीत नाही, शेजारच्या हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. (अशी व्यवस्था माणसांच्या कुटुंबांतही आढळते, परंतु तिथे तिच्यामुळे कोणाचा भाव वाढल्याचे ऐकिवात नाही.) संपूर्ण पांढरे पान सर्वांत देखणे असते आणि बहुधा सर्वांत आधी करपते, तेव्हा त्याचे छायाचित्र वेळेवर काढून ठेवावे. उलट एखाद्या वेलीने संपूर्ण हिरवी, धट्टीकट्टी फांदी फोडली, तर ती तत्काळ छाटा. अशी फांदी स्वतःचे पोट स्वतः भरते, जोमाने वाढते आणि पट्टेरी फांद्यांना मागे टाकते. थोडक्यात, रोप सुधारू लागते, आणि सुधारलेल्या रोपाला बाजारात कोणी विचारीत नाही.

यात नवीन काहीच नाही, असे म्हणून कोणी तुमचा विरस करू पाहील. १६३७ साली नेदरलँड्समध्ये ज्या ट्यूलिपच्या कंदांचे भाव गगनाला भिडून कोसळले, त्यांतल्या सर्वांत मौल्यवान फुलांच्या पाकळ्यांवरचे ज्वाळांसारखे पट्टे हा एका विषाणूचा प्रताप होता, हे विसाव्या शतकात उघड झाले. म्हणजे आजारपणाला अधिक मोल देण्याची परंपरा तशी जुनीच आहे. फरक एवढाच, की त्या काळी अफवा पसरायला माणसांना एकमेकांना भेटावे लागे. जून २०२१ मध्ये न्यूझीलंडमधील एका लिलावाच्या संकेतस्थळावर पांढऱ्या पट्ट्यांचे, अवघ्या नऊ पानांचे रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा नावाच्या शोभेच्या वेलीचे रोप १९,२९७ न्यूझीलंड डॉलरना विकले गेले. पानामागे दोन हजारांहून अधिक डॉलर हा दर तुम्हाला जास्त वाटत असेल, तर तुम्ही अजून झाडाकडेच पाहत आहात. बोली लावणाऱ्यांकडे पाहायला शिका. दुर्मिळतेचा मात्र एक दोष असतो: ती पाहून प्रयोगशाळा जाग्या होतात. ऊतिसंवर्धनाने एका तुकड्यापासून हजारो रोपे निघू लागली, की कालचे नवल आज ढिगाने मिळते. पिंक प्रिन्सेस फिलोडेंड्रॉनचे तसेच झाले. रोप तेच, पानांवरचा गुलाबीही तोच, तरीही ते तुम्हाला अचानक सामान्य दिसू लागेल. ही जाणीव होताच ते कपाटामागे सारावे.

गुलाबी रंगाची हौस एवढ्याने फिटली नसेल, तर पिंक काँगो नावाने विकल्या गेलेल्या फिलोडेंड्रॉनची आठवण ठेवा. त्याची गुलाबी पाने रसायनांच्या प्रक्रियेतून आणलेली असत आणि काही महिन्यांत नवी पाने हिरवी येऊ लागत. हौस त्याहूनही दांडगी असेल, तर मांजराच्या तोंडाच्या आकाराची फुले देणारे बी मागवावे. संगणकाने रंगवलेल्या त्या फुलांना ना कीड लागते, ना पाणी, आणि ती उगवतही नाहीत. निगा राखायला याहून सोपी वनस्पती मिळणे कठीण.

एवढा खर्च कशासाठी, असे घरातून कोणी विचारले, तर ‘हवा शुद्ध होते’ हे उत्तर तयार ठेवा. नासाने १९८९ मध्ये कुंडीतल्या झाडांची चाचणी घेतली होती, हे अवश्य सांगा. ती बंदिस्त पेटीत घेतली होती, हे सांगण्याची गरज नाही. दारे-खिडक्यांतून सहज होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायची, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असा हिशेब २०१९ च्या एका संशोधन-आढाव्यात मांडला आहे. तुम्ही मात्र याचा अर्थ ‘आणखी झाडे घ्यावीत’ असाच घ्यावा.

निसर्ग घरी आणण्याची ही ओढ कधीकधी निसर्गाच्याच मुळावर येते. दक्षिण आफ्रिकेच्या रुक्ष भागांत गारगोट्यांएवढी, गुबगुबीत, पानांत पाणी साठवणारी कोनोफायटम नावाची रोपे वाढतात. काही जातींचा सारा संसार एखाद्या टेकडीपुरता असतो. ऑनलाइन मागणी वाढली, तशी ती खडकांतून उपटून तस्करीने परदेशी जाऊ लागली आणि काही जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपल्या. विकणाऱ्याला ‘हे कुठून आणले?’ असे विचारण्याचा मोह तुम्हाला होईल. तो आवरा, उत्तर मिळाल्यास ते खिडकीत मांडता येत नाही.

रोपांची निपज कशी करावी, याबाबत मात्र एका जुन्या गृहस्थांचा कित्ता गिरवू नये. आग्नर एस्पेग्रेन या नॉर्वेजियन मिशनऱ्याने १९४० च्या दशकात चीनमधून पायलिया या गोल पानांच्या शोभेच्या झाडाचे एक रोप मायदेशी आणले आणि त्याची पिल्ले ओळखीपाळखीच्यांना फुकट वाटून टाकली. ते रोप एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत असे इतके पसरले, की वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याचे नाव निश्चित करायला १९८० चे दशक उजाडले. म्हणजे एवढी वर्षे हे रोप हॅशटॅगशिवाय, भावाशिवाय, इतकेच काय, धड नावाशिवायही फोफावत होते. तुमच्याकडे कोणी सहज एखादी फांदी मागितली, तर हा प्रकार आठवा आणि आधी पेरे मोजा.

कारण वेलीची किंमत पेऱ्यावरच्या डोळ्यात असते. डोळ्यासह कापलेल्या तुकड्यातून नवा वेल फुटू शकतो. मॉन्स्टेराचे डोळ्याशिवाय कापलेले नुसते पान पाण्यात महिनोन्‌महिने हिरवे राहते, कधी त्याला मुळेही फुटतात, पण नवे पान कधीच येत नाही. तेव्हा डोळे आपल्या कुंडीत ठेवावेत आणि पाने विकावीत. काचेच्या बाटलीत, खिडकीच्या कोवळ्या उन्हात ठेवून काढलेल्या छायाचित्रात दोन्ही अगदी सारखीच दिसतात.