कोरियाचे उदाहरण देण्याआधी

मिरजेतल्या आमच्या शाळेने पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास वाद्यशिक्षणाला द्यावा, अशी सूचना कुणीतरी मांडली आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटात त्यावर दोन दिवस खडाजंगी झाली. त्यातले एक वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. ‘कोरियातली मुले रात्री दहापर्यंत गणिते सोडवतात म्हणून तिथे सॅमसंग उभी राहिली, तबला बडवून काय होणार?’ असे लिहिणारा माझा वर्गमित्र उत्तम अभियंता आहे. कोरियात मात्र तो कधी आलेला नाही.

मी दक्षिण कोरियातल्या सुवोन शहरात राहते. रात्री हागवनच्या, म्हणजे खासगी शिकवण्यांच्या, पिवळ्या गाड्यांतून पेंगुळलेली मुले उतरतात हे मी रोज पाहते, त्यामुळे त्याचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. पण त्याच मुलांच्या प्राथमिक शाळेतल्या संगीताच्या पुस्तकात पियानो आणि रेकॉर्डर नावाच्या पाश्चात्त्य बासरीबरोबर जांगू आणि दानसो ही कोरियन वाद्येही असतात, आणि हे तास ‘ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी’ नसून सगळ्या वर्गासाठी असतात, ही गोष्ट तिकडे कुणाला ठाऊकच नसते.

माझी मुलगी पाचवीत आहे. जांगू हा मधे कंबर बारीक असलेला दुतोंडी ढोल आहे. उजवीकडे बांबूची पातळ काडी आणि डावीकडे हात किंवा गोल डोक्याची काठी, असा तो वाजतो. पण मुलांच्या हाती तो लगेच येत नाही. आधी सगळा वर्ग जमिनीवर मांडी घालून बसतो आणि मांड्यांवर थापा मारत तोंडाने बोल म्हणतो : दंग, गिदक, खुंग, दरररर; खुंग, गिदक, खुंग, दरररर. हा गुत्गोरी नावाचा ताल. ‘खुंग’ डाव्या हाताचा, ‘दक’ उजव्या हाताचा, आणि दोन्ही एकदम पडले की ‘दंग’. आपल्याकडे ‘ना’ आणि ‘गे’ एकत्र आले की ‘धा’ होतो, तसेच. लहानपणी तबल्याच्या क्लासला बसलेल्या मला हे कुणी समजावून सांगावे लागले नाही. शिकवतात त्या वर्गशिक्षिकाच, ज्या आधीच्या तासाला अपूर्णांक शिकवत होत्या. त्या कुणी उस्ताद नाहीत. शिक्षक होण्यासाठी त्यांना शिक्षण विद्यापीठात हे वाद्य हाताळावे लागले होते, एवढेच. काही शाळांत बाहेरून गुगाकचे, म्हणजे पारंपरिक कोरियन संगीताचे, कलाकार येतात, आणि ते आले की तास अर्थातच रंगतो.

दानसोची गोष्ट निराळी. ही बांबूची छोटी उभी बासरी शाळेत प्लास्टिकची असते आणि तिच्या वरच्या कडेला फक्त एक खाच असते. फुंकर त्या खाचेवर नेमक्या कोनात पडली नाही तर नुसती हवा सुसाटत जाते. सुरुवातीच्या तासांना निम्म्या वर्गाला सूर सापडत नाही आणि फुंकून फुंकून चक्कर येते ती वेगळीच. शिवाय जुळवायचे चौकोनांच्या लिपीशी. पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळात जंग्गानबो ही स्वरलेखनपद्धत तयार झाली. एक चौकोन म्हणजे एक मात्रा, वाचायचे वरून खाली आणि ओळी उजवीकडून डावीकडे. दहा-अकरा वर्षांची मुले ती वाचतात, कुरकुरत वाचतात, पण वाचतात.

हे सारे कोरियन माणसांच्या संस्कृतिप्रेमातून आपोआप उगवले आहे, असे आमच्या गटातल्या दुसऱ्या बाजूला वाटते. ‘बघा, ते आपली परंपरा कशी जपतात’ हे त्यांचे पालुपद मला पहिल्या बाजूइतकेच खटकते. माझ्या मुलीच्या मैत्रिणींच्या आयांना विचारले तर दानसो म्हणजे मूल्यमापनाची एक कटकट, आणि पैसे खर्चून लावायचा क्लास पियानोचा. 2022 मध्ये नव्या अभ्यासक्रमाच्या मसुद्यात गुगाकचे स्थान आक्रसणार असे दिसले, तेव्हा वादक, गायक आणि संगीतशिक्षकांना रस्त्यावर उतरावे लागले आणि मगच सरकारने ते स्थान राखले. पुढल्या वर्षी गुगाकच्या संवर्धनाचा कायदा झाला आणि त्यानंतर 5 जून हा गुगाक दिवस ठरला. त्या मसुद्याच्या बातम्या वाचून मी संतापले होते, आणि शेजारच्या कोरियन बाईंनी ‘तुम्हाला का एवढे लागले?’ असे विचारले तेव्हा मला धड उत्तर देता आले नव्हते.

ज्या गावात हा वाद चालला आहे तिथे सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात अजूनही गायन-वादन होते. तिथल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेल्या आम्हां बहुतेकांनी तंबोऱ्याची तार कधी छेडलेली नाही. आपल्याकडे संगीत शाळेत शिरले ते दहावीच्या वाढीव गुणांच्या रूपाने, म्हणजे क्लासची फी भरता येईल त्याच्या मुलाला गुण, आणि उरलेल्यांना पंधरा ऑगस्टचे समूहगीत. कोरियाच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत, सुनंगमध्ये, जांगूला गुण नाहीत. आमच्या वर्गमित्राच्या हिशेबाने तो तास फुकटच जातो, आणि तरीही इतक्या हिशेबी देशाने तो ठेवला आहे.

इथे मला एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. शाळेच्या कार्यक्रमात माझ्या मुलीच्या वर्गाने सामुलनोरी सादर केली. क्वेंग्ग्वारी, जिंग, जांगू आणि बुक या चार वाद्यांचा तो गजर, खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या वाद्यमेळातून 1978 मध्ये सोलच्या रंगमंचावर आलेला. चित्रफीत पाहून आईने फोनवर विचारले, ‘छान आहे गं, पण हिला आपले काही येते का?’ मी तबल्याच्या ऑनलाइन क्लासचे नाव सांगून वेळ मारून नेली. मला स्वतःला येते ती लेझीम, आणि ती घरच्या दिवाणखान्यात एका मुलीला शिकवता येत नाही. तिला हलगी लागते, मैदान लागते, आणि मुख्य म्हणजे पाऊल चुकले तरी शेजारचीकडे बघून सावरता येईल अशी चाळीस जणींची रांग लागते. गणपतीत इथली मराठी मंडळी जमतात तेव्हा आम्ही स्पीकरवर ढोल लावतो. एकट्या आईबापाला मुलासाठी शिक्षक विकत घेता येतो, वर्ग विकत घेता येत नाही. माझ्या मुलीला तो वर्ग मिळाला, पण जांगूसाठी. तिच्या बोटांत गुत्गोरी बसली आहे, तीनताल नाही, आणि याचे मला जितके वाईट वाटायला हवे तितके वाटत नाही, हे तर आईला सांगण्यासारखेही नाही.

‘परदेशात बसून सल्ले द्यायला काय जाते,’ असे वर्गमित्राने शेवटी लिहिलेच. बरोबर आहे. आमच्या त्या शाळेत माझी मुलगी जाणार नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. पण त्याची दोन्ही मुले जाणार आहेत. डझनभर लेझिमी, दोन हलग्या आणि ज्याला स्वतःला ठेका धरता येतो असा एक वर्गशिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. मुख्याध्यापकांना लिहायच्या पत्रावर मी सही केली आहे आणि लेझिमींचे पैसे मी देईन असेही कळवले आहे. तास कोणत्या वारी बसवायचा आणि कोणता विषय थोडा मागे सारायचा, हे तिथल्या पालकांनी ठरवायचे आहे.