‘सायनोशुअर’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘सायनोशुअर म्हणजेच सगळ्यांच्या नजरा खेचणारा. मग पुढे ऑफ ऑल आइज कशाला? सरळ द्विरुक्ती आहे. उच्चारही चुकलाय, उदाहरणं सगळी लग्नातली. आधी शिका, मग शिकवा.’ मागच्या लेखात मी ‘द सायनोशुअर ऑफ ऑल आइज’ हा इंग्रजी वाक्प्रयोग शिकवला होता, त्यावर एका ‘अनामिक’ वाचकाची ही प्रतिक्रिया.

आधी शेवटचं वाक्य घेऊ. नागपुरात सीताबर्डीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यावरच माझं पोट आहे, त्यामुळे शिकायला माझी ना नाही. पण सांगण्याचीही एक रीत असते जी! चूक दाखवायची तर सोबत पुरावा द्यावा. तुम्ही नुसताच दम दिला.

आता द्विरुक्ती. मुळात या शब्दात ‘नजरा’ नव्हत्याच. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कुत्र्याची शेपटी, आणि आपण ज्याला ध्रुवमत्स्य म्हणतो त्या तारकासमूहाचं ते नाव. सप्तर्षींतल्या पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा, तेवढ्याच अंतराच्या साधारण पाचपट पुढे न्या, की शेपटीच्या टोकाचा ध्रुवतारा सापडतो. नागपुरातून तो क्षितिजापासून जेमतेम 21 अंश वर. उत्तरेला चार मजली इमारत असली की बसा शोधत. खलाशी या तारकासमूहाच्या भरवशावर दिशा धरत, म्हणून अर्थ आधी ‘वाट दाखवणारा’ आणि पुढे ‘नजर खिळवणारा’ असा सरकला. इंग्रज कवी मिल्टनने 1645च्या संग्रहातल्या ‘ललेग्रो’ कवितेत ‘सायनोशुअर ऑफ नेबरिंग आइज’ लिहिलं. नजरा कुणाच्या, ते ‘ऑफ’ने सांगितलं. त्याच धर्तीवर ताडोब्यातल्या वाघिणीला ‘द सायनोशुअर ऑफ एव्हरी जिप्सी’ म्हणता येतं (जिप्सी म्हणजे सफारीची गाडी). ‘ऑल आइज’ वापरून वापरून पार गुळगुळीत झालंय, हे मीही म्हणतो. पण गुळगुळीत झालं म्हणजे चुकलं काय?

खरी द्विरुक्ती ‘सेंटर ऑफ सायनोशुअर’मध्ये आहे, कारण सायनोशुअर म्हणजेच नजरांचं केंद्र. ती मी लेखात ठळक अक्षरांत दिली होती, तुम्ही तिथवर पोचला नसाल. शिवाय या शब्दात कौतुक गृहीत असतं. वर्धा रोडवर ट्रक उलटला, भोवती गर्दी जमली, म्हणून तो ट्रक सायनोशुअर होत नाही. परीक्षेत मुलं स्पेलिंग ‘एस’ने सुरू करतात, ते ‘सी-वाय’ने होतं, आणि आधीचा ‘द’ तर हमखास गाळतात.

उच्चाराचं म्हणाल तर ब्रिटिश कोशांत ‘सिनझ्युअर’ही मिळेल, अमेरिकी कोशांत ‘सायनोशुअर’. मी दुसरा घेतला. कोश उघडला असता तर हा मुद्दा लिहिलाच नसता तुम्ही.

लग्नाची उदाहरणं जास्त झाली, हे मात्र बरोबर. त्यातली नवरीच्या शालूची दोन काढून एक वाघिणीचं आणि एक हिवाळी अधिवेशनात पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराचं टाकतो. पुढची प्रतिक्रिया तेवढी स्वतःच्या नावाने लिहा.