आमची सून रिसर्च करते

तुम्ही दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहता, घरात पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याचं मराठी बोललं जातं आणि तुमची सून आरोग्य-संशोधनात काम करते. अभिनंदन! आता तिला पाठिंबा देणं आलं. घाबरू नका, यात पैसा जात नाही आणि वेळ तर मुळीच जात नाही.

पाठिंबा मुख्यतः चारचौघांत द्यावा. गणपतीच्या आरतीला जमलेल्यांना प्रसाद देता देता सांगा, "आमची सून रिसर्च करते हं. आम्ही काही अडवत नाही." दुसरं वाक्य विसरू नका, कारण अडवायची मुभा होती आणि आपण मोठ्या मनानं ती वापरली नाही, हे त्यातूनच कळतं. कशावर रिसर्च, असं कुणी विचारलंच तर "रक्ताचं काहीतरी असतं" एवढं पुरे. ती आठ वर्षं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करत असली म्हणून तो शब्द पाठ करायची सक्ती तुमच्यावर नाही. एखाद्या काकांनी "म्हणजे खरी डॉक्टर नाही ना?" असं विचारलं, तर "नाही हो, पीएच.डी.वाली" म्हणून हसावं आणि काकांचं बीपी बघायला लगेच तिलाच हाक मारावी.

फील्डवर्कचा दिवस मात्र नाजूक असतो. छोटाउदेपूरकडे जायची जीप पहाटे साडेपाचला दाराशी येते. तिनं त्याआधी उठून दोन भाज्या आणि कणीक करून ठेवली असेल तर तोंड भरून कौतुक करा, "बाहेर पडते, पण घराकडे दुर्लक्ष नाही." या एका वाक्यावर तुम्हाला निदान पाच वर्षं पोळीला बाई ठेवावी लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, गुजरातेतल्या 15 ते 49 वयाच्या 65 टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. देशाचा आकडा 57 आहे. हे आकडे दिल्लीत बसून निघत नाहीत. कुणीतरी बेन उन्हातान्हात वस्तीवर जाते, दार वाजवते, ओसरीवर बसून बोट टोचते आणि विचारते, "तुम्ही शेवटी जेवता का? उरलं तर जेवता का? लोहाच्या गोळ्या घेता का?" हे सगळं लिहून घेऊन तुमची सून संध्याकाळी घरी आली, की तिनं सगळ्यांची पानं वाढावीत आणि शेवटी उरलेल्या आमटीत भात कालवून बसावं. तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन किती, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. ती त्या नमुन्यात येत नाही.

नवऱ्यांना फार सांगायला नको, ते उपजतच हुशार असतात. तिच्या परिषदेच्या दिवशी मुलाला शाळेतून एकदा आणावं आणि कॉलनीत वर्षभर "मी तर सगळं बघतो" असं म्हणत राहावं.

आता विभागप्रमुखांकडे वळू. त्यांची जबाबदारी मोठी, कारण त्यांना पाठिंब्याचा अहवालही द्यावा लागतो. त्यातलं सगळ्यात सोपं काम म्हणजे समिती. औषधांच्या चाचण्यांविषयीचे 2019 चे नियम सांगतात की नीतिसमितीत, म्हणजे चाचणीतल्या माणसांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीत, किमान सात सदस्य हवेत आणि त्यांत किमान एक स्त्री हवी. 'किमान' हा शब्द जिथे असेल तिथे आपण आजवर नेहमी थांबत आलो आहोत, इथेही थांबावं. त्या एका बाईला बैठकीत चहाचं बघायला सांगू नये, तो काळ गेला. तिला इतिवृत्त लिहायला सांगावं.

शोधनिबंधावर नावं घालताना ज्यानं काम केलं त्याचं नाव पहिलं आणि ज्यानं अनुदान आणलं त्याचं शेवटचं, असा आपल्या क्षेत्राचा रिवाज. गावं तिनं पालथी घातली, तक्ते तिनं केले, पहिला मसुदा तिनं लिहिला, तर तिला मधली जागा द्यावी. मध्ये दोन्हीकडून आधार असतो. ती कुरकुरली तर म्हणावं, "अगं, आपण सगळे एक कुटुंब आहोत." कुटुंबात काय होतं ते तिला घरून माहीत असतंच.

बाळंतपणाचं काय करायचं? पीएच.डी. करणाऱ्या मुलीला 240 दिवसांपर्यंत रजा देता येते, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांत होतं आणि 2022 च्या नव्या नियमांतही आहे. नाकारायची काही गरज नाही. अर्ज हातात घ्यावा, चष्मा कपाळावर सरकवावा आणि हळुवारपणे विचारावं, "आत्ताच करायचं होतं का?" बाकीचं काम ती स्वतःच करेल. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागानं 2002-03 मध्येच महिला शास्त्रज्ञ योजना आणली. अशी कुठल्याही योजनेची जाहिरात आली की ती उत्साहानं फॉरवर्ड करावी, अंगठा उंचावलेल्या चित्रासकट. अर्जाला संस्थेचं पत्र लागतं, ते मात्र तुमच्या सहीसाठी शेवटच्या तारखेपर्यंत टेबलावर राहू द्यावं.

आणि 8 मार्च. हा दिवस नीट साजरा झाला की उरलेल्या वर्षाची चिंता नाही. गुलाबाचं फूल, फेटा आणि रांगोळी स्पर्धा हवीच. (रांगोळीचा विषय 'पेशी' ठेवल्यास विज्ञानही होतं.) भाषणात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण राज्यभर आणलं, हे आलंच पाहिजे. मग महाराणी चिमणाबाई, 1927 च्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. मग 1886 मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. हयात नसलेल्या स्त्रियांचा गौरव निर्धोक असतो, त्या बढती मागत नाहीत.

कमल रणदिवे यांचं नाव घेताना जरा जपून. कर्करोगावरचं त्यांचं काम आणि पद्मभूषण एवढ्यावर थांबावं. त्यांच्या पुढाकारानं 1973 मध्ये महिला वैज्ञानिकांची संघटना निघाली, हेही चालेल. पण पुढे त्या संघटनेनं वाशीला चक्क पाळणाघर आणि नोकरदार बायकांसाठी वसतिगृह चालवलं, हे श्रोत्यांना कळता कामा नये. लगेच मागच्या रांगेतून कुणी तरी विचारणार, "सर, आपल्याकडे पाळणाघर कधी?" मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. त्यामुळे माणसं मोजताना प्रोजेक्टवरच्या मुलींना मोजू नये. त्या तशाही अकरा महिन्यांच्या करारावर असतात, मोजेपर्यंत बदलतात.

इतकं सगळं करूनही एखादी सोडून गेलीच, तर मनाला लावून घेऊ नका. निरोप समारंभात सांगा की तिनं कुटुंबाला प्राधान्य दिलं. घरच्यांनी सांगावं की तिला झेपेना. दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे बघून मान डोलावतील. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लावा: "संशोधन साहाय्यक पाहिजे. गावोगावी फिरण्याची तयारी हवी. घराघरांतल्या स्त्रियांशी मोकळेपणानं बोलता यावं. मानधन एकत्रित, प्रवासभत्ता नाही. महिला उमेदवारांना प्राधान्य."