रॅपच्या व्हिडिओत मागे दिसतं ते आपलं शहर

गल्लीतली रॅपवाली पोरं सारखे पत्रे नि गटारंच दाखवतात, मुंबईचं नाव खराब करतात असं म्हणणारे खूप भेटतात आणि मला दरवेळी मनापासून वाईट वाटतं, कारण माझ्या लहानपणीचं कुर्ला आज कुठे बघायला मिळत असेल तर या व्हिडिओंतच.

२०१४ ला कुर्ल्यातल्या नेझी या रॅपरचं 'आफत' हे गाणं आलं. आयपॅडवरच गाणं रेकॉर्ड केलं, त्याच आयपॅडवर कुर्ल्यात व्हिडिओ शूट केला. सेट लावायला पैसे कुठले, मग जे समोर होतं तेच आलं. पुढच्या वर्षी डिव्हाईन हा दुसरा रॅपर आणि नेझीचं 'मेरे गली में' आलं आणि आमच्यासारख्यांना पहिल्यांदा वाटलं की आपला पत्ता दबक्या आवाजात सांगायची काही गरज नाही. कुर्ला म्हणजे ७०, धारावी म्हणजे १७, पिनकोडचे शेवटचे दोन आकडे पोरं छाती ठोकून सांगायला लागली, धारावीच्या एमसी अल्ताफ या रॅपरच्या तर गाण्याचं नावच 'कोड मुंबई १७'.

आमच्या चाळीतल्या पोरांनीही तेव्हा एक व्हिडिओ काढला होता, मित्राच्या मोबाईलवर. गाणं ठीकठाक, पण मागे काय काय आहे बघा. गॅलरीचा निळा ऑइलपेंट, खांबापाशी पोपडे निघालेला, पाण्याचे ड्रम, कठड्यावर वाळत घातलेली गोधडी, आणि मधेच माझी आई हंडा घेऊन येते आणि रॅप करणाऱ्याला हाताने बाजूला सारून सरळ मोरीकडे जाते, कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही, पाणी जायची वेळ झालेली ना. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. घरात फोटो ढीगभर आहेत पण सगळे लग्नातले, बारशातले, नवीन कपड्यातले. पाणी भरणारी आई फक्त त्या व्हिडिओत आहे. आता तर असं झालंय की गॅलरी आठवली की मला ती त्याच अँगलने आठवते, मागे बीट वाजत असतो.

आणि हे फक्त चाळीपुरतं नाही. 'स्वदेशी' या रॅप ग्रुपच्या पोरांनी आरेच्या जंगलात राहणाऱ्या आदिवासी प्रकाश भोईरांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे वारली आदिवासींच्या जंगल-जमिनीचं गाणं केलं २०१९ ला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी रातोरात झाडं पाडली, दोन हजारांच्या वर. बातम्या लोक विसरले, गाणं अजून ऐकतात. त्याच ग्रुपमधला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, तसं अजून पाहिजे, आपल्याच पोरांना मराठीत बोलायला संकोच का वाटावा हे मला खरंच कळत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. पैसा आल्यावर खूप व्हिडिओंत भाड्याची गाडी, धुराचं मशीन, वरून ड्रोन, की झालं. असा व्हिडिओ दुबईतही निघेल. त्यात कुणाची आई हंडा घेऊन मधे येणार नाही.

धारावीचा रिडेव्हलपमेंट सुरू आहे, वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. लोकांना चांगलं घर मिळायलाच पाहिजे, त्यात वादच नाही. पण शूट करणाऱ्या पोरांनो, तुमचं न वापरलेलं फुटेज, ज्यात कुणीतरी मधे आलं म्हणून टेक वाया गेला ना, ते डिलीट करू नका. मोबाईल बदलायच्या आधी पेनड्राइव्हवर काढा, आणि त्यात जी माणसं दिसतात त्यांच्या घरी एक कॉपी द्या.