खापर फोडायला डोकं हवं

फ्लेन्सबुर्गला जायला निघाले आणि कीलला पोचले. त्याहून वाईट म्हणजे, पोचल्यावर दहा मिनिटं ते माझ्या लक्षातही आलं नाही. दोन्ही गावं उत्तर जर्मनीत, बाल्टिक समुद्राच्या काठावर, दोन्हीकडे होड्या, दोन्हीकडे आगाऊ सीगल. मी स्टेशनातून बाहेर पडून मजेत फ्लेन्सबुर्ग बघत होते. समोर दहा मजली इमारतीएवढी बोट उभी होती. 'वाटलं होतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे हो गाव,' असं मनात म्हणूनही झालं. मग फोटो काढायला वळले, तर स्टेशनच्या दर्शनी भिंतीवर जे नाव होतं ते माझ्या गावाचं नव्हतं.

अशा वेळी माणसाला पाणी नको असतं, नकाशा नको असतो. 'तरी मी म्हणत होते!' हे ज्याच्याकडे वळून म्हणता येईल असं कोणीतरी हवं असतं. मी वळले. एक सीगल होता. तोही माझ्या हातातल्या पावाकडे बघत होता.

एक्स्चेंजवर एका सेमिस्टरसाठी मी हॅम्बुर्गला आले, तेव्हा सुरुवातीला आम्ही चौघं मिळून फिरायचो. पहिलीच सहल ब्रेमेनची. तिथे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीशेजारी ते प्रसिद्ध शिल्प आहे: गाढव, त्याच्यावर कुत्रा, त्याच्यावर मांजर आणि सगळ्यात वर कोंबडा. परीकथेतले वादक म्हणे. मला तर ते आमच्या ग्रुपचंच शिल्प वाटलं. दर सहलीला आमच्यातला एक जण गाढव व्हायचा आणि बाकीचे तिघं त्याच्यावर चढून गायचे. कोणी गाडी चुकवली, कोणी पावसाचा अंदाज बघितला नाही, कोणी म्युझियम सोमवारी बंद असतं हे सोमवारीच शोधून काढलं. पुढच्या सहलीला गाढव बदलायचं. व्यवस्था न्याय्य होती. मग एकेकाच्या परीक्षांच्या तारखा आल्या, एकीला प्रियकर मिळाला, आणि मी एकटी उरले. म्हणजे कोंबडा मीच, मांजर मीच, कुत्रा मीच आणि खालीही मीच.

तरी निघायचंच होतं, कारण तिकीट होतं. सेमिस्टरच्या शुल्कातच एक पास मिळतो. त्यावर देशभरच्या सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत हवं तितकं फिरता येतं. फक्त वेगवान गाड्यांत पाय ठेवायचा नाही. फुकट गोष्टीचा दुष्परिणाम असा की ती वापरली नाही तर नुकसान झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे वेगवान गाडी जिथे चार तासांत जाते तिथे मी तीन वेळा गाडी बदलत, दिवस घालवत गेले आहे आणि वर 'पैसे वाचवले' म्हणून स्वतःची पाठ थोपटली आहे. पाठ थोपटायलाही दुसरं कोणी नव्हतं.

एकटीची पहिली सहल ल्युबेकची, हॅम्बुर्गहून पाऊण तासावर. तिथला होल्स्टेनटोर हा पंधराव्या शतकातला वेशीचा दरवाजा पूर्वी पन्नास मार्कांच्या नोटेवर असायचा. दलदलीच्या जमिनीत पाया खचल्यामुळे त्याचे ते जाडजूड बुरूज कलले आहेत. ते कललेलं रूप बघायलाच लोक येतात. मी एका सभ्य गृहस्थांना फोटो काढायची विनंती केली. त्यांनी फोन घेतला, डोळे बारीक केले, एक पाय मागे नेला, मान तिरकी केली आणि मनापासून मेहनत घेऊन फोटो काढला. फोटोत बुरूज ओळंब्यात सरळ उभा आहे आणि मी कलले आहे. पाचशे वर्षांचा दोष त्यांनी एका क्लिकमध्ये दुरुस्त करून माझ्या खात्यावर टाकला. आभार मानावे लागलेच.

फोटोचं तरी एकवेळ चालतं. एकटीच्या प्रवासातला खरा, मूलभूत, तत्त्वज्ञानाच्या पातळीवरचा प्रश्न असा: शौचालयात जाताना बॅग कोणाकडे द्यायची? स्टेशनांवरच्या शौचालयांना नाणं टाकून फिरणारा आडवा दांडा असतो. तो एका माणसाच्या मापाचा. पाठीवर सॅक असलेला माणूस त्याच्या हिशेबात दीड माणूस होतो. पहिल्यांदा मी आत गेले आणि सॅक बाहेर राहिली, आम्ही दोघी एकमेकींना पट्ट्यांनी बांधलेल्या. मागे रांग. कोणी काही बोललं नाही. तिथे कोणी बोलत नाही, नुसता सुस्कारा टाकतात.

दुसऱ्यांदा मी शहाणी झाले आणि बाकावर बसलेल्या एका आजींना विचारलं, जरा लक्ष ठेवाल का? त्यांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांनी घड्याळात बघितलं. परत आले तेव्हा बॅग जागेवर होती आणि आजीही. 'झीबेन,' त्या म्हणाल्या. सात. एवढंच.

त्या सातानंतर मी कोणालाच बॅग द्यायची नाही असं ठरवलं. म्हणूनच कलोनच्या कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या मी आठ किलोची सॅक घेऊन चढले. स्टेशन अगदी शेजारी आहे आणि तिथे सामान ठेवायची सोयही आहे, पण त्याला पैसे पडतात. हे कॅथीड्रल बांधायला १२४८ मध्ये घेतलं आणि १८८० मध्ये पूर्ण झालं. चारशेव्या पायरीच्या आसपास ही दिरंगाई मला फार जवळची वाटली. गोल जिना अरुंद, वरून उतरणारेही त्याच वाटेने. प्रत्येक उतरणाऱ्याला माझ्या सॅकशी ओळख करून घ्यावी लागत होती. वर पोचल्यावर दृश्य कसं होतं म्हणाल तर जाळीतून ऱ्हाईन नदी दिसली असावी. मी खाली बसले होते.

बर्लिनच्या हॉस्टेलात लॉकरला कुलूप लावून किल्ली आतच ठेवली, ती गोष्ट थोडक्यात आटोपते. रिसेप्शनवरचा मुलगा चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता मोठी कात्री घेऊन आला, कुलूप तोडलं आणि तुटक्या कुलपांनी भरलेल्या खोक्यात टाकलं. खोकं बरंच भरलेलं होतं, ही त्या दिवसातली एकमेव चांगली बातमी.

कोपनहेगनला मात्र पासवर जाता येत नाही. तिथे मी चांगले रोख पैसे मोजून बसने गेले, वाटेत बससकट बोटीतून समुद्र ओलांडला आणि बोचऱ्या वाऱ्यात पाऊण तास चालत त्या जगप्रसिद्ध जलपरीच्या पुतळ्यापाशी पोचले. ती सव्वा मीटर उंच आहे. दगडावर बसलेली, पाठीमागे बंदर, समोर चारेकशे माणसं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: हे कोणी सुचवलं? माझ्या डाव्या बाजूला एक नवरा-बायको तेच विचारून भांडत होती. काय रंगात आली होती! मी हेव्याने बघत राहिले. माझ्यात सुचवणारी मीच, ऐकणारीही मीच. १९६४ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये कोणीतरी या जलपरीचं डोकंच कापून नेलं होतं. तेव्हा वाचून वाईट वाटलं होतं. त्या वाऱ्यात उभं राहिल्यावर वाटलं, एकटाच आलेला असेल बिचारा. खापर फोडायला डोकं हवं होतं.

तर फ्लेन्सबुर्ग. डेन्मार्कच्या सीमेला टेकलेलं हे गाव अख्ख्या जर्मनीला ठाऊक आहे ते समुद्रासाठी नव्हे. तिथल्या सरकारी कार्यालयात देशभरातल्या वाहनचालकांच्या चुकांची नोंदवही आहे. गाडी चालवताना हातात मोबाइल धरला, की फ्लेन्सबुर्गला तुमच्या नावावर एक गुण चढतो. हे गुण मिळवायचे नसतात. आठ झाले की लायसन्स जातं. एका राष्ट्राचा सगळा दोष नीट फाइल करून ठेवणारं गाव! मला ते बघायलाच हवं होतं.

आता माझ्या जर्मनचं सांगायला हवं. आमच्या भाषेच्या वर्गात आकड्यांनी हाहाकार माजवला होता. जर्मनमध्ये तेवीस म्हणताना आधी तीन म्हणतात, मग वीस. स्पॅनिश मुलं आणि कोरियन मुलं हमखास बत्तीस लिहायची. मी मात्र मागे रेलून बसायचे. आपल्याकडे एकवीस, बावीस, तेवीस, एकक आधीच. शिक्षिका आकडे म्हणायच्या आणि मी सासरी न गेलेल्या लेकीसारखी निवांत असायचे. या एका गोष्टीने माझा घात केला. आकडे कळतात म्हणजे भाषा कळते, असा समज झाला.

हॅम्बुर्गहून निघालेली ती गाडी नॉयम्युन्स्टर नावाच्या स्टेशनात दुभंगते. अर्धी गाडी कीलला जाते, अर्धी फ्लेन्सबुर्गला. हे घोषणेत व्यवस्थित सांगतात. त्यातले 'फ्लेन्सबुर्ग', 'कील' आणि मिनिटांचे आकडे मला कळले. 'पुढचा भाग' आणि 'मागचा भाग' हे दोन शब्द तेवढे आमच्या पुस्तकात पुढच्या धड्यात होते. शिवाय नेमका त्याच वेळी आईचा फोन आला. तिच्याशी बोलताना बाहेर धक्का बसल्यासारखं झालं, मागे काहीतरी सुटलं, आणि आम्ही निघालो. गाडी हलकी झाल्यासारखी छान पळत होती.

कीलच्या धक्क्यावर सीगलशी नजरानजर झाल्यावर मी आईला फोन लावला.

"तुझ्यामुळे मी चुकीच्या गावाला आले."

"अगं बाई! मी काय केलं?"

"घोषणा चालू असतानाच तुझा फोन आला. कोणता डबा कुठे जातो ते ऐकूच आलं नाही."

क्षणभर शांतता. मी वाद घालायला कंबर कसून उभी होते. कित्येक आठवड्यांनी संधी मिळाली होती.

"हो का गं," आई म्हणाली. "चुकलंच माझं. रविवारी निवांत असशील म्हणून केला. जेवलीस का काही?"

काय सांगू, इतकं हलकं वाटलं! सॅकचं वजन निम्म्यावर आलं. मी तिला मोठ्या मनाने माफ केलं, बोटीचा फोटो पाठवला आणि उलट गाडीने नॉयम्युन्स्टरला आले. तिथे योग्य गाडीच्या योग्य भागात बसले आहे ना हे तीन माणसांना विचारलं. तिसऱ्याने मी विचारायच्या आतच मान डोलावली.

आणि तरी रेन्ड्सबुर्ग जवळ आलं तेव्हा माझा धीर सुटला. तिथे कीलच्या कालव्यावर मोठा थोरला लोखंडी पूल आहे, १९१३ चा, म्हणजे त्या जलपरीच्याच वयाचा. तिची भरपाई म्हणून बांधल्यासारखा. खालून जहाजं जावीत म्हणून पाण्यापासून ४२ मीटर उंच. गाडी त्यावरून गेली, खाली मालवाहू जहाज काडेपेटीएवढं दिसलं, इथवर सगळं रम्य. मग गाडी वळू लागली. वळतच राहिली. ऊन डाव्या खिडकीतून माझ्या मांडीवर आलं, मांडीवरून समोरच्या काकांच्या टकलावर, तिथून उजव्या खिडकीत. फोनवरच्या नकाशातला माझा निळा ठिपका घरांभोवती चक्क प्रदक्षिणा घालत होता. परत चाललो आपण! कीलला! मी उभी राहिले, सॅक खेचली. काकांनी वर बघितलं, माझा चेहरा वाचला आणि हवेत बोटाने सावकाश एक गोल काढला. त्या पुलाची उंची इतकी, आणि स्टेशन इतकं जवळ आणि खाली, की उतार मिळावा म्हणून रुळांना शहरातल्या एका वस्तीभोवती पूर्ण फेरा घालावा लागलेला आहे. रोज गाड्या तिथे असंच गोल फिरून उतरतात. काका रोज कोणाला तरी असं बोट फिरवून दाखवत असावेत.

फ्लेन्सबुर्गला पोचले तेव्हा दुपार कलली होती. रविवार, दुकानं कडेकोट बंद. ते नोंदवहीचं कार्यालयही अर्थात बंद. बंदराच्या काठाने चालत गेले, एका बाकावर बसले आणि उरलेला पाव काढला. इथे सीगल दोन होते.

आईला 'पोचले' म्हणून कळवायला फोन उघडला. कॉलची यादी समोर आली. आईचा फोन आला होता १० वाजून ३४ मिनिटांनी. सहज म्हणून रेल्वेचं अ‍ॅप उघडून बघितलं. सकाळची आमची गाडी नॉयम्युन्स्टरहून सुटली होती त्याच्या बऱ्याच आधी. मग आठवलं. घोषणा झाली तेव्हा मी जागी होते, कान टवकारून ऐकत होते, दोन्ही वेळा. मिनिटांचे आकडे अचूक कळले म्हणून खिडकीतल्या माझ्या प्रतिबिंबाकडे बघून हसलेही होते. तो धक्का, ते मागे काहीतरी सुटणं, तेव्हा हातात फोन नव्हताच. पावाचं पाकीट होतं.

मी फोन लावला.

"पोचलीस?" आईने विचारलं. "आता मी मधे मधे फोन नाही हं करणार."

"करत जा गं," मी म्हटलं. "चालतं."

"नाही, नाही. चूक ती चूक."

बाकाच्या टोकावर एक सीगल येऊन बसला. फ्लेन्सबुर्गात फक्त वाहनचालकांचेच गुण मांडतात, प्रवाशांचे मांडत नाहीत, याची मी मनातल्या मनात पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मग अर्धा पाव त्याला दिला.