न्यूकॅसलला छत नाही म्हणे

पिंट्यानं मोबाईल सगळ्यांच्या मधे धरला आणि रील परत पहिल्यापासून लावलं. यर्गन क्लॉप, इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा तेव्हाचा मॅनेजर, म्हणजे प्रशिक्षक. ऑक्टोबर 2022, मँचेस्टर सिटीबरोबरच्या मॅचआधीची पत्रकार परिषद. सिटीच्या तोडीचं व्हायला काय करावं लागेल, असं कुणीतरी विचारलंय. क्लॉप म्हणतो, उत्तर तुम्हाला आवडणार नाही, आणि ते तुम्हाला ठाऊकच आहे. पैशाच्या बाबतीत मनाला येईल ते करू शकणारे क्लब जगात तीनच. न्यूकॅसल क्लबवाले म्हणतात आमच्या क्लबला छत नाही, म्हणजे वर जायला मर्यादाच नाही. बरोबर आहे, अभिनंदन! बाकीच्यांना मात्र असतं.

"एक शब्द खोटा हाय काय?" पिंट्या म्हणाला. पिंट्या लिव्हरपूलवाला. गाडीच्या मडगार्डवर क्लबच्या चिन्हातला तो लाल पक्षी रंगवून घेतलाय. त्याच्या आजीनं "कावळा तांबडा का केलास?" म्हणून विचारलं होतं.

संत्या सिटीवाला, 2012 ला अगदी शेवटी सिटीला लीग जिंकून देणाऱ्या अग्वेरोच्या गोलपासूनचा. "खोटा न्हाई. पण बोलतंय कोण? 2016 ला मँचेस्टर युनायटेडनं पोग्बाला 8.9 कोटी पौंड मोजले, तवा ह्योच म्हणाला हुता, फुटबॉल असलं होणार आसंल तर मी ह्या धंद्यात नसणार. दीड वर्षात ह्यानंच व्हॅन डाइकला साडेसात कोटी मोजले! धंदा सोडला व्हय त्यानं?"

"त्याच महिन्यात कुटिन्यो विकला आम्ही. तुमच्यात 2008 ला अबुधाबीचा शेख आला, तवापासनं नळाला पाणी कधी बंदच न्हाई. 2019 ला आम्ही लीगमध्ये 97 पॉइंट काढले खुळ्या, 97! आणि तुमच्या मागं दुसरा नंबर. एका पॉइंटनं. तेवढ्यात बहुतेक सालांत कप घरी आला असता."

ह्यावर संत्या खरंच गप्प बसला. पण चहा आला आणि त्याला इसाक आठवला.

"न्यूकॅसलला छत न्हाई म्हणं. मग 2025 ला साडेबारा कोटी देऊन त्यांच्या इसाकला कुणी उचलला? छत न्हाई त्या घरातला पंखा काढून आणलासा की रं!"

कट्टा फुटला. शेजारच्या पानवाल्यानंही मान बाहेर काढली.

हसण्याच्या खाली एक खरी गोष्ट होती, ती मला सांगाविशी वाटली. न्यूकॅसलचा मालक सौदीचा सरकारी फंड. तिजोरीला तळ नाही, पण प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगच्या, 2025-26 पर्यंतच्या नियमानं तीन वर्षांत तोटा जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा. म्हणजे छत नियमाचं, आणि ज्याचं स्टेडियम मोठं, शर्ट जास्त खपतात, त्याचं छत आपोआप उंच. लिव्हरपूलचं उंचच आहे. एव्हर्टन क्लबनं तोच नियम मोडला म्हणून 10 गुण कापले, अपिलात 6 वर आले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गेले.

"आणि सिटीवर पैशाचे नियम मोडल्याचे शंभरावर आरोप, त्याचं काय?" पिंट्या.

"आरोप म्हंजे शिक्षा न्हवं. क्लबनं नाकारल्यात."

माझं म्हणणं, रडायचा हक्क ह्या दोघांनाही नाही. तो ल्यूटनला. 2014 पर्यंत इंग्लंडच्या फुटबॉलच्या पाचव्या पायरीवर खेळणारा क्लब 2023 ला प्रीमियर लीगमध्ये वर आला. त्यांच्या मैदानात पाहुण्या संघाच्या लोकांना शिरायला घरांच्या ओळीतून वाट काढलीय, जिना चढताना खाली कुणाचं तरी परसदार दिसतं. एका वर्षात खाली. त्या साली वर आलेले तिन्ही खाली गेले, पुढच्या साली वर आलेले तिन्हीही. तिथला मॅनेजर पैशावर बोलला तर कुणी नाव ठेवणार नाही. पण शनिवारी अकरा पोरांच्या डोळ्यांत बघायचं त्यालाच असतं.

आबा इतका वेळ कट्ट्याच्या टोकाला बशीत फुंकर घालत होते. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची पोरं त्यांच्या हाताखालचीच, मीही.

"सेमीफायनल आठवतीया न्हवं तुला?" आबा मला म्हणाले. "शाहू स्टेडियम. समोरच्यांचा खर्च लाखात, आपल्यातल्या चौघांची बुटं उसनी. मी पोरांस्नी काय म्हणलो?"

मला शब्दन् शब्द आठवत होता. "त्यांचा पैसा बघा. हरलो तरी कोण नाव ठेवणार न्हाई."

"वीस मिनिटांत तीन गोल. गोलकीपरला झापला, तर पोरगं म्हणतंय, आबा, तुम्ही आदीच माफ केलं हुतंसा न्हवं?"

कुणी काही बोललं नाही. मग पिंट्याच उसळला, "पण क्लॉप बोलला आणि दोन दिवसांनी सिटीला 1-0 हाणला की आबा! सालाहचा गोल."

"ते पेपरवाल्यांस्नी बोलला त्यो. पोरांस्नी काय बोलला, तुला ठावं हाय?"

पिंट्याला ठावं नव्हतं. मला सिटीचा तेव्हाचा मॅनेजर ग्वार्दिओला आठवला. 2021 च्या फेब्रुवारीत ओळीनं मॅचा जिंकत असताना गुपित विचारलं, तर म्हणाला, आमच्याकडं भरपूर पैसा आहे, भारी खेळाडू घेता येतात. चेष्टाच, पण खरी. जिंकून आल्यावर असं बोलायला किती सोपं जातं! संत्याला मी हे सांगितलं नाही, डोक्यावर बसला असता.

तेवढ्यात तालमीची दोन पोरं सायकलवरून आली. घामेजलेली.

"आबा, रविवारच्या मॅचला समोरच्यांनी म्हणं बाहेरचा फॉरवर्ड आणलाय. लई पैसे दिल्यात."

आबांनी बशी खाली ठेवली. "डावखुरा हाय त्यो. उजव्या पायावर घाला त्याला. आणि बुटाच्या लेस आत्ताच बदला, मॅचच्या दिवशी न्हाई."